चेचलेल्या तीन स्टुडबेकर

सकाळी पावणेसातला फोन आला. पलीकडचा आवाज इतका हळू होता की सहायक निरीक्षक निकिता ओव्हाळने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"मी श्यामला करंदीकर बोलतेय. कसबा पेठेतून. अहो, तिसरी गाडी आली. या वेळी स्वयंपाकघरात."

"दार उघडं होतं?"

"कुलूप तसंच आहे. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर गॅसच्या शेगडीवर."

"आत्ता घरात कुणी आहे?"

मग आवाज आणखी बारीक झाला. "ते मला माहीत नाही. मी मोबाइल घेऊन परत बाथरूममध्ये शिरलेय. कडी लावून."

निकिता हवालदार संजय शेलारला घेऊन पाच मिनिटांत तिथे पोचली. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. दाराला आपोआप बंद होणारं कुलूप. ते संजयने किल्लीवाल्याकडून उघडून घेतलं. कुलपावर एकही ओरखडा नव्हता. आत कुणी नव्हतं.

शेगडीच्या जाळीवर बोटभर लांबीची एक खेळण्यातली मोटार पडली होती. धातूची, पिवळट रंगाची. टप हातोड्याने चेपून चाकांना टेकवला होता. खाली चौकोनी कागद, त्यावर छापील अक्षरं: 'शुक्रवारी साक्ष दिलीस तर पुढची तू.'

श्यामलाबाई बाहेर आल्या. वय एकोणसत्तर, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. डोळ्यांवर काळा चष्मा. गाडी बघितली आणि त्यांनी भिंत धरली.

"गोल्डन हॉक," त्या म्हणाल्या. "माझी गोल्डन हॉक."

पहिली गाडी गेल्या गुरुवारी आली होती, उंबऱ्याबाहेर. दुसरी रविवारी, दाराच्या आत, चपलांच्या स्टँडवर. आज स्वयंपाकघरात. दर वेळी तीच चिठ्ठी. कोणीतरी एकेक पाऊल आत येत होतं.

कोण, याबद्दल चौकीत कुणालाच शंका नव्हती. दोन वर्षांपूर्वी श्यामलाबाई लोणी काळभोरला जुन्या विद्यार्थिनींच्या मेळाव्याला गेल्या होत्या. परतताना त्यांच्यासमोर एका डंपरने उलट्या बाजूने येऊन गेनबा नावाच्या फुलविक्याला सायकलसकट चिरडलं. डंपर थांबला नाही. नंबर फक्त श्यामलाबाईंनी पाहिला होता. ड्रायव्हर पोपट जामिनावर सुटला होता आणि येत्या शुक्रवारी त्यांची साक्ष होती. आज बुधवार.

"तुमच्या घराच्या किल्ल्या कुणाकडे आहेत?" निकिताने विचारलं.

"एक माझ्याकडे. एक मालनबाईंकडे. स्वयंपाकाला येतात."

"किती वर्षं?"

"अकरा. आणि पोपट त्यांच्या नणंदेचा नवरा. हे मी तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच त्यांना उचलाल हे मला ठाऊक होतं."

संजयने निकिताकडे पाहिलं. त्याच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं.

मालनबाई आठला आल्या. दारात पोलीस बघून हातातली भाजीची पिशवी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"सकाळी सहाला कुठे होतात?"

"बसमधी. लोणीवरनं निघाले. धाकट्या बहिणीकडं मुक्कामाला हुते."

"पोपटने किल्ली मागितली होती?"

"मागितली हुती. म्हैना झाला. म्या दिली न्हाई."

"बाईंना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? माझ्याच घरातला मानूस तुमच्या जिवावर उठलाय म्हनून?" मालनबाई रडायला लागल्या. "ताई, म्या तुमच्या त्या गाड्यांना कंदी बोट बी लावलं न्हाई."

अकरा वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्यापासून श्यामलाबाई नकळत एक पाऊल मागे सरकल्या, आणि ते मालनबाईंनी पाहिलं.

बाहेरच्या खोलीत भिंतभर काचेचं कपाट होतं. आत सत्तावन्न गाड्या. सगळ्या एकाच अमेरिकन कंपनीच्या, स्टुडबेकर. काहींचं नाक विमानासारखं टोकदार, काहींच्या मागे माशासारखे पंख. वरच्या कप्प्यात मधोमध तीन जागा रिकाम्या होत्या.

"कपाटाची किल्ली?"

"घराच्या किल्लीच्याच जुडग्यात. मालनबाईंकडे फक्त दाराची आहे."

"मग त्या कपाट कशा उघडतील?"

श्यामलाबाईंनी चष्म्याआडून निकिताकडे पाहिलं. हा प्रश्न इतक्या दिवसांत कुणीच विचारला नव्हता.

"या तीन गाड्या कुठून आणल्या होत्या?"

"वडिलांकडून आल्या. कॅम्पातल्या गॅरेजमध्ये ते मिस्त्री होते. एका गिऱ्हाइकाची खरी स्टुडबेकर त्यांनी दुरुस्त करून दिली. तो परदेशी गेला आणि माझ्यासाठी या तीन पाठवल्या. मी पाच वर्षांची होते. बाकीच्या सत्तावन्न मी नंतर जमवल्या, पण सुरुवात या तिघींची. आता अशा मिळत नाहीत. नव्याने काढलेल्या नकला मिळतात, त्या वेगळ्या."

"कशा वेगळ्या?"

"जुन्यांचा तळ रिव्हेट मारून पक्का केलेला असतो, उघडताच येत नाही. आणि हाताला वजन कळतं. हल्ली डोळ्यांमुळे मी हातात घेतल्याच नव्हत्या. मोतीबिंदू इतका वाढला होता की दीड वर्ष नुसते रंग दिसायचे. आमोदच पुसून ठेवायचा, महिन्यातून एकदा."

"आमोद कोण?"

"आमोद साने. विम्याच्या ऑफिसात आहे, हडपसरला राहतो. त्यालाही याच गाड्यांचं वेड. मुलासारखा आहे. गेल्या आठवड्यात मंगळवारी ऑपरेशनला तोच घेऊन गेला. पर्स, चष्मा, अंगठी, सगळं त्याच्याकडे देऊन आत गेले. आता छान दिसतंय. पण दहा दिवस धूळ लागू द्यायची नाही म्हणून डॉक्टरांनी कपाट उघडायला बंदी केलीय. आमोदला म्हटलं होतं, येत्या रविवारी सगळ्या बाहेर काढून नव्या डोळ्याने एकेक बघणार." त्या कोरडं हसल्या. "आता काय, भुगा बघणार."

"पहिल्या दोन गाड्यांचा भुगा आहे?"

"आहे. आमोद म्हणाला फेकून द्या, असलं डोळ्यांसमोर ठेवू नका. मला नाही फेकवलं." त्यांनी खणातून बिस्किटांचा डबा काढला. "आणि तो म्हणतो साक्षीला जाऊ नका. खरं सांगू का, मीही जाणार नाही. काल रात्रभर दाराकडे बघत बसले होते. गेनबाची बायको, हिरा, परवा भेटून गेली. तिला तोंड कसं दाखवू ते कळत नाही. पण मला भीती वाटते हो. मी एकटी राहते."

निकिता डबा घेऊन खिडकीशी गेली. चेपलेल्या गाड्या एकेक करून उलट्या केल्या. बराच वेळ बघत राहिली. मग कपाट उघडून तिने वरच्या कप्प्याच्या रंगावर टॉर्च तिरकी धरली आणि पट्टी मागितली.

दहा मिनिटांनी ती म्हणाली, "आमोदना बोलवा. काय झालं ते सांगा, बाकी काही नको." मग संजयला गॅलरीत नेऊन तिने हलक्या आवाजात दोन वाक्यं सांगितली. संजय निघून गेला.

आमोद तासाभरात आला. चाळिशीचा, नीटनेटका, घाबरलेला. आल्या आल्या श्यामलाबाईंचे हात हातात घेतले.

"काकू, आता पुरे. शुक्रवारी तुम्ही जायचं नाही. हे लोक काहीही करतील." मग मालनबाईंकडे वळून, "आणि तुम्ही अजून इथे कशा?"

"बसा," निकिता म्हणाली. "एक मदत हवीय. यातली कुठली गाडी कुठे होती, ते तुम्हालाच माहीत असेल. जरा जागेवर ठेवता?"

आमोदने चेपलेली गोल्डन हॉक उचलली आणि रिकाम्या जागी ठेवली.

"नक्की हीच जागा?"

"हो. का?"

निकिताने टॉर्च लावली. कप्प्याच्या पांढऱ्या रंगावर चार तपकिरी ठिपके होते. रबरी टायर वर्षानुवर्षं एका जागी राहिले की रंगात उतरतात, तसे. मागची दोन चाकं ठिपक्यांवर बसली. पुढची दोन ठिपक्यांच्या पुढे गेली.

"हातोडा बसल्यावर लांबी बदलते," आमोद म्हणाला.

"टप चेपलाय. तळ सरळ आहे. आणि तळाला हे दोन स्क्रू आहेत." तिने गाडी उलटी करून श्यामलाबाईंच्या हातात दिली. "काकू, डोळ्यांनी नको. बोटांनी बघा."

श्यामलाबाईंनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "ही माझी नाही," त्या म्हणाल्या. "ही तर काल-परवाची आहे."

"तिन्ही तशाच आहेत. आता मला काय वाटतं ते सांगते. आम्ही सगळे चिठ्ठी वाचत राहिलो. गाडीकडे कुणी पाहिलंच नाही. साक्षीदाराला धमकावणारा माणूस काय करील? कपाटाला एक धोंडा घालील, साठच्या साठ फोडील. यात फक्त तीन फुटल्या. तिन्ही सगळ्यांत दुर्मीळ. आणि त्याही खऱ्या नव्हेत. म्हणजे फोडणाऱ्याला त्या ओळखता येत होत्या, आणि खऱ्या गाडीवर हातोडा घालवत नव्हता."

निकिताने टॉर्च विझवली.

"काकूंना दिसत नव्हतं त्या दीड वर्षात कुणीतरी पुसायच्या निमित्ताने एकेक खरी गाडी उचलली आणि नक्कल ठेवली. काचेबाहेरून रंग तोच. मग ऑपरेशन ठरलं. रविवारी काकू सगळ्या हातात घेणार होत्या. त्याआधी नकला नाहीशा व्हायला हव्या होत्या. पण नुसत्या नाहीशा झाल्या असत्या तर चोरी म्हणून शोध लागला असता. फुटून मिळाल्या तर कोण शोधतंय? वर हा खटला आयताच होता, आणि मालनबाईंचं नातंही. किल्ल्यांचा ठसा ऑपरेशनच्या दिवशी मिळाला, काकूंची पर्स तीन तास बाहेर होती तेव्हा. आणि आंघोळीची वेळ घरच्या माणसाला माहीतच असते."

"हा निव्वळ अंदाज आहे," आमोद म्हणाला. "पुरावा काय?"

"तुम्ही भुगा फेकून द्यायला सांगितलंत. ज्याला या गाड्यांचं वेड आहे तो एखादं चाक तरी वाचवायला बघेल." निकिताने घड्याळ पाहिलं. "आणि पुरावा येईलच. हवालदार शेलार हडपसरला तुमच्या घरी पोचले असतील. त्यांना या गाड्यांतलं काही कळत नाही. मी सांगितलंय, वेळ घालवू नका, सगळे खण जमिनीवर उलटे करा."

आमोद ताडकन उभा राहिला.

"अहो, नको! उलटे नका करू! खालच्या खणात आहेत, कापसात. हॉकचे पंख नाजूक झालेत, धातू कुजलाय, हात लावला तरी तुटतील. हळू काढा म्हणावं त्यांना, प्लीज!"

मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. तो खाली बसला.

श्यामलाबाईंनी काळा चष्मा काढला. उजवा डोळा लाल होता.

"आमोद, चिठ्ठ्या तू लिहिल्यास?"

"काकू, मी तुम्हाला कधीच काही केलं नसतं."

"मी आज बाथरूमची कडी लावून ओल्या अंगाने जमिनीवर बसले होते. आणि तू काही केलं नसतंस?"

"तुम्हाला त्या दिसतच नव्हत्या," तो पुटपुटला. "अंधारात पडून असल्यासारख्या होत्या. माझ्याकडे रोज कुणीतरी बघायचं त्यांच्याकडे."

"दिसत नव्हत्या म्हणून माझ्या नव्हत्या?"

निकिताने संजयला फोन लावला. खण उलटे करायचे नाहीत, असं तिने दोनदा बजावलं.

आमोदला खाली नेल्यावर श्यामलाबाई मालनबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मी मागे सरकले," त्या म्हणाल्या. "सकाळी. तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं," मालनबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि भाजीची पिशवी उचलली. "च्या टाकते. तुमी काय खाल्लं नसंल."

शुक्रवारी कोर्टाच्या आवारात निकिताने त्यांना लांबून पाहिलं. पोपट तीन-चार माणसांसोबत जिन्याशी उभा होता. श्यामलाबाई त्याला बघून थबकल्या. चिठ्ठ्या खोट्या निघाल्या होत्या, पोपट मात्र खरा होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि मागे फिरायच्या बेतात असल्यासारखा एक पाय तिरका झाला होता.

मालनबाईंनी त्यांचा दंड धरला. पोपटने मालनबाईंकडे पाहिलं. "वहिनी, तू हिकडं कशी?"

"तुला काय वाटतं, कशी?" मालनबाई म्हणाल्या. "हो बाजूला. ताईंना वर जायचंय."

तो बाजूला झाला.

पुकारा झाला. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर श्यामलाबाईंनी दोन्ही हातांनी कठडा धरला. मागच्या बाकावर हिरा पुढे झुकून बसली होती. सरकारी वकिलांनी विचारलं की त्या डंपरचा नंबर त्यांना आठवतो का.

"आठवतो," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि एकेक आकडा, वर्गात मागच्या मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला.