उन्हात वायपर

आकाशात औषधालाही ढग नव्हता, आणि बाबांच्या गाडीचे वायपर खटाखट चालू होते!

परदेशात भाड्याच्या गाडीतला त्यांचा हा दुसराच दिवस. इथे स्टिअरिंग डावीकडे आणि त्याच्या दोन्ही दांड्याही उलट्या. वळायचं म्हटलं की बाबांचा हात सवयीने उजव्या दांडीवर जाई आणि दिव्याऐवजी वायपर सुरू होत. त्याच गोल चौकाला तिसरी फेरी झाली, तेव्हा मागे बसलेल्या आईने डोळे घट्ट मिटून घेतले. अखेर बाबांनी गाडी कडेला घेतली आणि ते उघड्या खिडकीतून वायपरवर मराठीत ओरडू लागले.

मागोमाग एक धुळकट हिरवी जीप थांबली. त्यातून एक उंच तरुण उतरला आणि चक्क मराठीत म्हणाला, "काका, वळायचं होतं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"उन्हात वायपर दिसले की ओळखतो, माणूस आपल्याकडचा. सुरुवातीला मीही असाच काच पुसत फिरायचो…"

बाबांशेजारी बसलेली लेक खळखळून हसली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि… पुढचं वाक्य त्याला काही केल्या आठवेना.

"पुरे झालं!" बाबा म्हणाले. "गाडी परत करायची आणि सरळ घर गाठायचं."

लेक ताडकन सरळ बसली. या रस्त्याच्या शेवटी, दोन दिवसांच्या वाटेवर, समुद्र होता. तो बघायचा म्हणून वर्षभर तिने घर डोक्यावर घेतलं होतं. आणि परत न जाण्याचं आणखी एक कारण आत्ताच समोर उभं होतं, हेही खरंच.

"बाबा, मी चालवते. लायसन्स काय नुसतं मिरवायला आणलंय?"

"पुलापर्यंत माझाही हाच रस्ता आहे," तो घाईघाईने म्हणाला. "यांना माझ्यामागून येऊ द्या."

"शिकवण्या घेता वाटतं?" तिने विचारलं.

"छे, गुरांचा डॉक्टर आहे. बुजलेल्यांना धीर देतो."

"म्हणजे मी म्हैस?"

"तसं म्हणायची माझी छाती नाही… आणि म्हशी इतक्या रोखून बघत नाहीत."

ती कानापर्यंत लाल झाली. बाबा आकाशाकडे बघत राहिले.

मग जीप पुढे आणि ती मागे. प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी त्याचा दिवा लुकलुके, चौकात तो तिच्यासाठी थांबे आणि ती सुखरूप बाहेर पडली की खिडकीतून हात उंचावी. त्या हाताची ती वाटच बघू लागली. रस्ता कधी सोपा झाला, तिचं तिलाच कळलं नाही.

पेट्रोल पंपावर कॉफी घेताना तिने विचारलं, "तुमचा हात चुकतो का हो अजून?"

"कित्येक वर्षांत नाही." त्याने कप खाली ठेवला. "पूल आला की मी उजवीकडे वळणार. वासरं तपासायची आहेत… तुम्ही सरळ, मुक्कामाच्या गावाला."

"बरं," ती म्हणाली. मनात मात्र काहीच बरं नव्हतं.

पूल आला. तिची नजर जीपच्या दिव्यावर. आता दिवा लुकलुकेल, जीप वळेल, संपलंच सगळं…

दिवा लागलाच नाही. कोरड्या ठणठणीत काचेवर जीपचे वायपर मात्र फडफडू लागले!

जीप कडेला थांबली. तिनेही ब्रेक दाबला.

"यांना काय झालं आता?" बाबा चक्रावले. "वळायचं होतं ना?"

आईने डोळे उघडले. "नाही हो. त्याला वळायचंच नव्हतं."

तो तिच्या खिडकीशी आला. गुरांना धीर देणाऱ्याचीच बोबडी वळली होती.

"हात चुकला?" तिने हसू दाबत विचारलं.

"हो… म्हणजे, मन थाऱ्यावर नाही. तुम्ही हसलात ना, तेव्हापासून." त्याने पुलापलीकडे बोट दाखवलं. "उद्या मला सुट्टी आहे. समुद्रापर्यंत… येऊ?"

तिने आरशात पाहिलं. आई हसत होती. बाबा पट्ट्याशी खेळत म्हणाले, "मला काय विचारता? गाडी ती चालवतेय."

"या ना," ती म्हणाली. "पण उद्या माझ्यामागून यायचं हं. पुढे मी!"