राईचं खापर

सुरुची मोहिले लॅबमध्ये माझ्या हाताखाली होती. जुन्या खापरांची तपासणी हे आमचं काम. माती कुठली, भांडं किती आचेवर भाजलं, हे यंत्रावर कळतं. तिच्या बाबतीत झालं ते सांगतो. शॅनन, तू लॅबमध्ये नवीन आहेस, म्हणून सांगतोय. तो दरवाजा असू दे उघडा.

२००६ साल. खाडीकाठच्या राई गावात दशरथ पाटलांच्या जागेत पाया खणताना खापरं निघाली. एक आमच्याकडे आलं. माती खाडीचीच, पण तिच्यात फॉस्फरस आणि कॅल्शियम भलतंच जास्त. म्हणजे हाडं जाळून, कुटून मातीत मळलेली. कोणाची हाडं, ते यंत्र सांगत नाही. एका खापरावरून मी काही मानायला तयार नव्हतो. म्हणून दुसरं आणायला मीच तिला पाठवलं.

वीस डिसेंबर, बुधवार. मार्गशीर्ष अमावास्या. दशरथने खापर फडक्यात बांधून दिलं. म्हणाला, "मॅडम, तितं मानसाची हाडं पन गावली. आमी परत पुरली. ह्ये पन काम झालं का आनून द्या."

तोवर लॅब बंद झाली होती. ती खापर घेऊन सिल्व्हर पार्कला घरी आली. नवरा नाशिकला गेलेला. साडेआठला ती हॉलमध्ये टेबलाशी बसली. वरचा थर आत्ताच खरवडून ठेवला, की सकाळचा वेळ वाचेल.

सुरी लावली, तर स्वयंपाकघरातून आवाज.

थप… थप…

ओल्या मातीवर थापी मारावी तसा. वरच्या मजल्यावर काही चाललं असेल, असं तिला वाटलं. तिने हात थांबवला. आवाज थांबला. परत सुरी लावली.

थप…

तिने सुरी खाली ठेवली. या वेळी आवाज थांबला नाही.

बेल वाजली. शेजारची नीलम.

"भाभी, कब से क्या ठोक रहे हो? बेबी उठ गई."

सुरुचीने दार पूर्ण उघडलं. नीलम तिच्या खांद्यावरून आत बघत होती. मग हळूच म्हणाली, "किचन में कौन आया है…? वो नीचे क्यूँ बैठी है?"

सुरुचीने मागे पाहिलं नाही. तशीच अनवाणी बाहेर पडली. रात्रभर नीलमकडे बसून होती.

सकाळी तिचा फोन आला. मी पोचलो, तेव्हा दोघी जिन्यात उभ्या होत्या. आत मी एकटाच गेलो. कोणी नव्हतं. खापर टेबलावर. स्वयंपाकघरात फरशीवर मुठीएवढा ओल्या मातीचा गोळा. त्यावर बोटं उमटलेली. बारीक बोटं. बाईची.

खापर त्याच दिवशी मी राईला नेऊन दिलं. सुरुची अजून नोकरीत आहे, पण पाण्याचे नमुने तपासते. खापराला हात लावत नाही.

गोळा मात्र मी यंत्रावर घातला. तीच माती. तेवढाच फॉस्फरस. फक्त कधी न भाजलेली…

तीन वर्षं झाली. कपाटात उघड्या बशीत ठेवलाय. परवा बोट लावून बघितलं.

ओला आहे.