धरलेला हात

खोलीत टेबल एकच होते आणि दोघांना वेळही एकच दिली गेली होती. असे का झाले, हे रुग्णालयात कोणी कोणाला विचारत नाही. भाजलेल्या हातांचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्या दोघांना समोरासमोर बसवले, मध्ये बारीकसारीक वस्तूंचा एक खोका ठेवला आणि म्हणाल्या, "शेजारी माझे दोन पेशंट खोळंबलेत. तुम्हीच एकमेकांची परीक्षा घ्या. डोळे मिटायचे, हातात दिलेली वस्तू ओळखायची. नाही ओळखता आली तर तसं सांगायचं. थापा नकोत."

मुलगी सतरा वर्षांची होती, उजवा तळवा बधिर. मुलगा तिच्याहून थोडा मोठा, डाव्या हाताची गत तशीच. तिने डोळे मिटले.

"बटण," ती म्हणाली.

"किल्ली आहे."

"मग आता... दोरी."

"अजून किल्लीच आहे."

तिने डोळे उघडले. "तुझी पाळी."

त्याला नाणे ओळखता आले नाही, दगड नाही, चमचाही नाही. प्रत्येक वेळी तो शांतपणे तसे सांगत गेला.

"तुझा आपला नन्नाचा पाढा," ती म्हणाली.

"आणि तुझं सगळं अंदाजपंचे."

अशी दोघांची नावे पडली, आणि पुढल्या खेपेसही तीच राहिली.

प्रेम केव्हा सुरू झाले, याची नेमकी नोंद करणे अवघड आहे. एवढे खरे की दोघेही दमलेले होते. जखमेचा थकवा एक वेळ झोपेने जातो. 'किती धीराची गं तू' हे ऐकण्याचा जात नाही. घरी आलेल्या प्रत्येक काका-काकूंसाठी तिला बरे दिसावे लागे. इथे लागत नसे. मलमाच्या वासाच्या त्या खोलीत ती टेबलावर गाल टेकून बसे, आणि समोरचा मुलगा तिला सरळ बस असे म्हणत नसे.

"काही लागतंय हाताला?" त्याने एकदा विचारले.

"कापूस," ती डोळे मिटून म्हणाली.

"मी अजून काही ठेवलंच नाही, अंदाजपंचे."

ती हसली. कित्येक महिन्यांनी, आणि मनाविरुद्ध.

त्याने आपली हकीकत तिला दोन-तीन वाक्यांत सांगून टाकली होती. वडिलांची लाँड्री, वाफेवर चालणारे, वरून झाकणासारखे दाबणारे इस्त्रीचे यंत्र, आत याचा हात आणि ते खाली आणणाऱ्या पायपट्टीवर वडिलांचा पाय. "बाबा आता जेवताना माझ्या डाव्या बाजूला बसत नाहीत," तो म्हणाला होता. तक्रार नव्हती, हवामान सांगावे तसे.

तिने आपली सांगायला पुष्कळ दिवस घेतले. बाहेर ऊन कलले होते, पंखा कुरकुरत होता.

"घराला आग लागली तेव्हा मावशी आतल्या खोलीत होती," ती म्हणाली. "दार अडकलं होतं. मी दाराची मूठ धरली... चटका बसला, आणि सोडून दिली. लगेच. आईला हे माहीत नाही. तिची सख्खी बहीण होती—"

तिचा हात त्याने खिडकीशी उजेडात नेला आणि उलटसुलट करून पाहिला. ती नजर प्रियकराची मुळीच नव्हती. डाग कशाचा आहे हे ताडणाऱ्या लाँड्रीवाल्याची होती.

"लगेच नाही सोडलीस," तो म्हणाला.

"तू होतास का तिथं?"

"माझा उजवा हात बघ. लहानपणापासून इस्त्रीचे किती चटके खाल्लेत. हात आपोआप मागं येतो, आपल्याला विचारतसुद्धा नाही. एवढासा फोड येतो आणि जातो. डावा मागं येऊ शकला नाही, वर यंत्र होतं." त्याने तिच्या तळव्याशेजारी आपला तळवा ठेवला. "तुझा या डाव्यासारखा आहे. आणि तुझ्या हातावर तर काही दाबलेलं नव्हतं."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"तसं बोलायला येत असतं तर घरी बाबांशी बोललो नसतो?"

बाई हातमोजे काढत आत आल्या. मुलीने त्यांना विचारले. आवाज जरा चढलाच होता. "नुसता चटका बसून हात असा होतो का हो?"

"छे गं. नुसत्या चटक्यानं एवढ्या खोल नसा जात नाहीत. बराच वेळ धरून ठेवलं होतंस तू." बाई तिच्याकडे पाहून थांबल्या. "मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

मावशी त्यामुळे परत येणार नव्हती. पुराव्याला तेवढी ताकद नसते. मुलीने टेबलावर डोके ठेवले आणि ती रडली, आवाज न करता, खूप दिवसांचा थकवा एकदम अंगावर यावा तशी. मुलगा शेजारी येऊन बसला. हात कुठे ठेवावा हे त्याला सुचेना, म्हणून त्याने तो टेबलाच्या कडेवर ठेवला.

"उद्या घरी येशील?" बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "आईला सांगायचंय सगळं. एकटीला नाही जमणार."

"काय म्हणून येऊ?"

"तुला काय म्हणून यायचंय?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आईंना... मित्र म्हणून सांग."

"आणि मला काय सांगू?"

"तुला माहीत आहे."

"मी अंदाजानं सांगते रे सगळं. तू सांग."

"आवडतेस मला," तो टेबलाकडे पाहत म्हणाला. "चिडतेस, थापा मारतेस, दमून बसतेस... तरी. बास. आता निघू."

जिन्यावर तिने उजवा हात पुढे केला आणि त्याने डाव्या हाताने तो धरला. दोघांच्याही त्या हातांना स्पर्श अजून धड जाणवत नव्हता. म्हणून रस्ताभर दोघेही अधूनमधून खाली पाहत होते, हात धरलेला आहे ना याची खात्री करण्यासाठी.