चष्म्याची तक्रार

तो पहिल्यांदा आला तो भांडायलाच. चष्मा नवा असूनही नीट दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर मी. तक्रारी ऐकून घेणं माझंच काम. तो बोलत होता माझ्याशी, पण बघत होता माझ्या कानाकडे... मला वाटलं, लाजतोय. मी उगाचच केस कानामागे सारले.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. कधी काडी सैल, कधी नाकावर रुततो. मी चष्मा पुसायची, वाकून त्याच्या कानांवर बसवायची, आणि तो श्वास रोखून बसायचा. एकदा म्हणाला, निळा रंग शोभतो तुम्हाला. ड्रेस हिरवा आहे म्हटल्यावर स्वतःच मनापासून हसला. मीही हसले. मालकांनी आतून डोळे वटारले.

त्या दिवशी तो गेल्यावर डोळे तपासणाऱ्या काकांनी मला बोलावलं. म्हणाले, पोरी, चष्म्यात काही दोष नाही. त्याच्या डोळ्याचा पडदाच मधोमध झिजत चाललाय. समोरचं दिसत नाही, म्हणून तो कडेने बघतो. उपाय नाही, आणि हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलंय.

तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. शनिवारी त्याने नेहमीसारखा चष्मा पुढे केला. मी तो हातात घेतलाच नाही.

"काडी घट्ट आहे," मी म्हणाले. "तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मग का येत होतात?"

त्याने पुढे केलेला चष्मा मागे घेतला.

"चष्मा बसवताना तुम्ही जवळ येता. तेव्हा चेहरा दिसतो... तुकड्या-तुकड्यांनी. म्हटलं, दिसतोय तोवर बघून घ्यावा." आवाज खाली आला. "मागच्या वेळी तोही नीट दिसला नाही. आज शेवटचं आलोय. कुणाची कीव नको मला."

"शनिवारी माझी सुट्टी असते," मी म्हणाले. "तुम्ही यायला लागल्यापासून एकदाही घेतली नाही. ती काय कीव म्हणून?"

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला नाही. नुसता मुठीत धरून उभा राहिला.

संध्याकाळी आम्ही बरोबरच निघालो. दुकानाच्या पायऱ्यांपाशी मी हात पुढे केला.

"अजून दिसतात पायऱ्या," तो म्हणाला. "थोडे दिवस तरी माझं मला उतरू द्या."

मी हात मागे घेतला, आणि त्याच्या शेजारून, त्याच्याच चालीने उतरले.