शंखगडावरची वाचणी

चैत्री पौर्णिमेच्या त्या शुक्रवारी, पूर्वेचे डोंगर अजून काळेच होते आणि शंखगडाच्या पश्चिम तटाखाली फिरंग्यांची गलबते वेढ्याच्या अठ्ठाविसाव्या पहाटेलाही तशीच नांगरून उभी होती, तेव्हा किल्लेदार म्हाळोजी शिंदकरांच्या सदरेपुढे गडाचा दुभाषी इनास तुस्कान हात बांधून उभा केला गेला.

त्याच्या पेटीत फिरंगी अक्षरांत लिहिलेली दोनशे पाने सापडली होती.

"सरकार, वाचायचे ते काय?" सबनीस गोपाळ नारो म्हणाला. गडाची हजेरी आणि पहाऱ्यांची वाटणी याच्या हाती. "देव त्यांचा, अक्षर त्यांचे, मग इमान कोणाचे असणार? कडेलोट करावा आणि मोकळे व्हावे. उन्हे चढण्याआधी उरकले तर बरे."

"घाई फार दिसते, सबनीस," म्हातारा गोलंदाज धाकू भंडारी बुरुजाच्या पायरीवरून पुटपुटला. "न्याहारी थंड होते आहे काय?"

किल्लेदारांनी इनासकडे पाहिले. "काय आहे हे?"

"येशूस्वामींच्या दुःखभोगाच्या ओव्या, साहेब. अकरा वर्षे लिहितो आहे. भाषा मराठी आहे."

सदर हसली. इनासला ते हसू नवे नव्हते. वसईकडच्या मिठागरात त्याचा जन्म. बाप मराठीत भजन म्हणतो म्हणून फिरंगी पाद्रीने त्याला देवळाच्या दारात फटके मारविले. आणि बाप मेल्यावर पोराने पंतोजीच्या ओसरीवर बालबोध शिकायला पाऊल टाकले, तेव्हा "बाटग्याला अक्षर कशाला" म्हणून तिथूनही हुसकले. एकाला त्याची भाषा नको होती, दुसऱ्याला तो नको होता. मग ज्या अक्षरांत पाद्रीने प्रार्थना घोकविल्या, त्याच अक्षरांत त्याने आईची भाषा लिहिली. त्याने दुसरे करावे तरी काय, हे त्या हसणाऱ्यांपैकी एकानेही सांगितले नसते.

"मराठी असेल तर म्हणून दाखव," किल्लेदार म्हणाले आणि गठ्ठ्यातून मनास येईल ते पान ओढून त्यांनी पुढे धरले.

इनास गाऊ लागला. आवाज उपवासाने बसलेला, पण सूर पक्का.

*आपुले म्हणती ते झोपले । वैरी मशाली घेऊन आले । वृक्षांनी मात्र ऐकिले । रडणे त्याचे ॥*

"तोंडाला येईल ते रचतो आहे," सबनीस म्हणाला.

किल्लेदार चतुर. त्यांनी पानाच्या कोपऱ्याला नखाने खूण केली, आणखी दहा पाने म्हणवून घेतली, गठ्ठा पिसला आणि तेच पान पुन्हा पुढे केले. तीच ओवी, तेच शब्द, तोच ठहराव.

"ह्याच्या देवाला आपली बोली येते की," धाकू म्हणाला. या वेळी सदर हसली ती निराळी.

तेव्हा सबनीसाने गठ्ठ्याच्या तळचे एक पान स्वतःच उपसले. त्यावर लाखेची मोहर होती. "आणि हे? ही ओवी आहे काय?"

इनासने ते पान पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "हे माझे नव्हे. ही फिरंगी भाषा आहे. आज दोन प्रहरच्या भरतीला, पहारा जेवायला बसला म्हणजे, दर्यादरवाजा आतून उघडावा, सहा होड्या येतील, असे लिहिले आहे." त्याने पानाच्या माथ्याकडे नजर नेली. "साहेब, मायना वाचू?"

"वाच."

"'शंखगडचे सबनीस गोपाळ नारो यांसी.'"

निरोप तोंडी आणणाऱ्या नावाड्यावर विसंबून गोपाळ नारोने न वाचता येणारा कागद इनासच्या पेटीत सरकवून त्याच्या गळ्यात अडकविला होता. त्यावर आपलेच नाव आहे, हे त्याच्या गावीही नव्हते.

"खोटे आहे," तो ओरडला. "बाटगा खोटे वाचतो."

"दोन प्रहरी कळेल," किल्लेदार म्हणाले. "तोवर दोघांनाही कड्यावर उभे करा. धाकू, होड्या दिसल्या तर तोफा दर्यादरवाजावर रोखा. एकही परत जाता कामा नये."

उन्हात बारा घटका इनास कड्यावर उभा होता. माथ्यावर सूर्य आला आणि भूशिराआडून होड्या निघाल्या. एक, दोन, सहा. प्रत्येकीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, क्रूस होता. आपल्या एका वाचनाने दीडशे माणसे मरणार, तीही या शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, हे त्याला दिसत होते.

"साहेब, मला खाली जाऊ द्या. त्यांच्या भाषेत सांगतो, हत्यारे टाका म्हणून."

"ते आधी तुलाच टिपतील."

"टिपू देत. पण विचारल्यावाचून मारू नका."

किल्लेदारांच्या हुकमाने दर्यादरवाजा उघडला, तेव्हा उंबऱ्यावर एकटा इनास उभा होता. तोफा कोठे कोठे आहेत, हे त्याने बोट दाखवून सांगितले. पहिल्या होडीतून गोळी सुटली आणि त्याचा उजवा खांदा फुटला. तो पडला नाही. भिंतीला टेकून सांगत राहिला. हळूहळू एकेक बंदूक पाण्यात पडली. तिसऱ्या दिवशी वेढा उठला.

आणि मग गडाने काय केले? गोपाळ नारोचे साडू हुजूर दरबारात होते, म्हणून त्याची बदली घाटावरच्या एका ठाण्यात झाली, पालखीसह. आणि "फिरंगी अक्षर गडावर नको" असा हुकूम सुटून इनासची दोनशे पाने सदरेपुढे जाळली गेली. ज्यांनी सदरेवर त्या ओव्या ऐकल्या होत्या, त्यांनीच जळण रचले. हुकमावर शिक्का म्हाळोजी शिंदकरांचा.

इनासचा उजवा हात पुन्हा उठला नाही. चाळिसाव्या वर्षी तो देवळाच्या बाहेरच्या पायरीवर बसून गुरवाकडून बालबोध शिकला, डाव्या हाताने. नऊ वर्षांत सारा ग्रंथ पुन्हा लिहिला, आता कोणालाही वाचता येईल अशा अक्षरांत. पूर्वीच्या ओव्यांत आसवे होती. या ओव्यांत निखारे होते.

एका उपवासकाळात मिठागराच्या मांडवात तो उभा राहून गात होता. गडावरून निवृत्त झालेले म्हाळोजी वाटेने जाता जाता थांबले आणि गर्दीच्या मागे बसले. येशूला निर्दोष जाणूनही क्रुसावर देणाऱ्या रोमी सुभेदाराचा प्रसंग चालला होता.

*न्याय ठाऊक असून । घेतले तोंड फिरवून । मग सोन्याच्या तस्तातून । हात धुतले ॥*

म्हाळोजी उठून उभे राहिले.

"इनास, हे माझ्यावर रचलेस?"

"सतराशे वर्षांपूर्वीच्या माणसावर आहे, साहेब. आपल्याला आपले वाटले, त्याला माझा इलाज नाही."

म्हाळोजी जायला वळले.

"खाली बसा," इनास म्हणाला. त्याच्या स्वरात ना आर्जव होते ना हुकूम. "अजून क्रूस उचलायचा आहे."

म्हाळोजी बसले.