बाहीच्या उशीची नाडी

ते हिरवं लुकलुकणारं आधी मनगटावरून काढ बघू. हो, तुलाच सांगतोय. अंधारात गच्चीवर बसायचं आणि हाताला दिवा लावून बसायचं, ही कुठली तऱ्हा? किती चाललास, किती झोपलास, काळीज किती धडधडलं, सगळं त्याला ठाऊक म्हणे. ठाऊक कसलं डोंबल. अशाच एका घड्याळाची गोष्ट सांगतो. ऐकीव नाही. आमच्या समोरच्या टेलरची आहे, आणि शेवटाला मी स्वतः तिथे होतो.

पँट आखूड करायला टाकली होती, ती आणायला एका संध्याकाळी मी त्याच्या दुकानात गेलो. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं बिऱ्हाड. दुकानात समोरासमोर दोन पायमशिनी, एक त्याची आणि एक वहिनींची. वहिनींना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या मशीनवर खोळ घातलेली असायची. मास्तर कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होता. मी टेबलाकडे बघितलं. बाहीला इस्त्री करताना आत घालतात ना, हाताएवढी लांबोडी उशी, तिला घड्याळ बांधलेलं. आणि घड्याळात आकडा. बहात्तर.

"मास्तर, तुमच्या उशीची तब्येत ठणठणीत आहे की," मी म्हटलं.

तो हसला नाही. दार लोटून घेतलं आणि सांगायला लागला. घड्याळ मुलीनं पाठवलं होतं. मुलगी लांबच्या शहरात नोकरीला. आई झोपेतच गेली, तेव्हापासून तिनं धसकाच घेतलेला. बापाच्या नाडीचा आकडा तिला तिकडे फोनवर दिसायचा. आता हा दिवसभर पायडल मारणार, मशीनची थरथर हाताला लागणार, आणि घड्याळ ते झटकेच नाडी म्हणून मोजणार. एकशे तीस, एकशे चाळीस. डॉक्टरनं मनगट धरून बघितलं तर सत्तर. डॉक्टर म्हणाला, अशी घड्याळं चुकतात, मनावर घेऊ नका. पण मुलीला कोण समजावणार? तिनं सांगून टाकलं, "बाबा, आणखी एकदा आकडा चढला ना, तर मी येऊन दुकानाला कुलूप लावीन आणि तुम्हाला घेऊन जाईन."

"तिच्याकडे जाऊन काय करू?" मास्तर मला म्हणाला. "सातव्या मजल्यावर खिडकीत बसून राहू? इथे मान वर केली की समोर तिच्या आईची मशीन तरी दिसते."

एक दिवस वैतागून त्यानं घड्याळ काढलं आणि हाताशी होती त्या उशीला बांधलं. बघतो तर आकडा सुरूच. घड्याळाच्या तळाचा तो हिरवा उजेड कापडावरून परततो आणि घड्याळ त्यातून काहीतरी आकडा काढतंच. तेव्हापासून मास्तरचा शिरस्ता झाला. दिवसा उशीला, रात्रीही उशीलाच. मुलगी तिकडे निर्धास्त झोपायची.

हा मात्र झोपायचा नाही. दुकान बंद केल्यावर कितीतरी वेळ खालीच बसून असायचा, दिवा न लावता. माझ्या खिडकीतून दिसायचा. मी कधी जाऊन बसलो तर वहिनींबद्दल एकच सांगायचा, "ती काही बोलकी नव्हती हो. पण दोन मशिनींचा आवाज मिसळायचा. आता माझा एकट्याचा ऐकून कान विटलेत. तिची एकदा ऐकू आली ना, तर पुरे."

तर ती रात्र. डिसेंबरची एकोणीस तारीख, गुरुवारची रात्र. दीड वाजला होता. अमावास्या वगैरे काही नव्हती, चांगलं लख्ख चांदणं होतं. मास्तर वर झोपलेला. उशाचा फोन वाजला. मुलगी.

"बाबा, इतक्या रात्री शिवत बसलात?"

"झोपलोय मी."

"खोटं बोलू नका. एकशे दहा दाखवतंय इथे."

आकडा चढला म्हणजे दुकान गेलं, हे मास्तरच्या पहिलं मनात आलं. दुसरं मागाहून आलं. घड्याळ खाली आहे. उशीला बांधलंय. आणि दुकानाला आतून कडी आहे.

"बाबा? एकशे वीस झाले."

तो उठला. फोन कानालाच. जिना उतरायला लागला.

"बोला ना बाबा. छातीत दुखतंय का?"

"नाही गं."

"एकशे तीस…"

खाली आला. दाराच्या काचेतून चांदणं आत पडलेलं. टेबल दिसलं. उशी दिसली. मोकळी. घड्याळ नव्हतं.

मग त्यानं समोर बघितलं. वहिनींची मशीन. खोळ काढलेली. नीट घडी करून स्टुलावर ठेवलेली. आणि सुईखाली… हिरवा उजेड.

मशीन हलत नव्हती. चाक जागच्या जागी. पायडल जागच्या जागी. आवाज नाही. कसलाच नाही.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आधी ती मशीन थांबवा."

"कुठली मशीन?"

"चेष्टा करू नका. मला ऐकू येतेय इथे. मघापासून ऐकतेय, तुम्ही…"

ती बोलता बोलता थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "बाबा… ही तुमची नाही."

लहानपणी ती त्या दोन मशिनींच्या मधे गोधडी टाकून झोपायची. बापाची मशीन एका दमात पळायची. आईची चार टाके चालायची, थबकायची, पुन्हा चालायची. तिला कोण फसवणार?

"आईची आहे," ती म्हणाली. रडत होती.

मास्तर कान देऊन उभा राहिला. काही नाही. फोन मशीनजवळ धरला. "येतंय," ती म्हणाली, "अजून येतंय." त्यानं वाकून मशीनच्या फळीला कान लावला. थंड फळी. काही नाही.

"अगं," तो म्हणाला, "मला पण…"

काही नाही.

"थांबली," मुलगी म्हणाली.

मग तिनं मला फोन केला. काका, बाबांकडे जा, आत्ता जा. मी चप्पल न घालताच धावलो. मास्तरनं कडी काढली. सकाळच्या गाडीनं मुलगी आली, चार दिवस राहिली, कुलपाचं नावही काढलं नाही, ते सगळं नंतरचं. मी त्या रात्रीचं सांगतोय. मला वाटलं होतं, याची पाचावर धारण बसली असेल. तसं काही नव्हतं. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "तिला ऐकवलं. मला नाही ऐकवलं." एवढंच. लहान मुलासारखा रडला.

मी दिवा लावला. सुईखालचं घड्याळ ओढून काढलं. त्याचा कापडी पट्टा मधोमध दुमडून, आखूड करून वर टीप मारलेली होती, सरळ, बारीक. वहिनी गेल्यापासून मास्तर किती वाळला होता, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पट्टा त्याच्या मनगटावर गरगर फिरायचा, म्हणूनच आकडा चुकायचा. डॉक्टरनं बघितलं नाही, मुलीला दिसणार कसं, आणि मी तर रोज बघून बघितलं नव्हतं. मी त्याच्या मनगटाला घड्याळ बांधलं. चपखल बसलं. आकडा आला, शंभराच्या वर. मी त्याचं दुसरं मनगट धरलं आणि मोजलं. या खेपेला घड्याळ बरोबर होतं.

टिपेच्या शेवटी दोऱ्याचं टोक लोंबत होतं. कात्रीनं कापलेलं टोक सरळ असतं. हे पिंजलेलं होतं. मास्तर त्याच्याकडे बघतच राहिला.

"आयुष्यभर सांगितलं तिला," तो म्हणाला, "दोरा दातानं तोडू नकोस म्हणून."

मी ते टोक चिमटीत धरलं.

ओलं होतं.