निंबोरखेडीचे श्रोते

शहराच्या सदर भागातल्या त्या छोट्या रेडिओ केंद्रावर नव्या माणसाचं गाणं लागायचं तर तीन गोष्टी लागत: स्वच्छ ध्वनिमुद्रण, सही केलेलं संमतीपत्र आणि श्रोत्यांची तीन पोस्टकार्डं. पहिल्या दोन दीक्षाकडे होत्या.

"पोस्टकार्डंच काहून, ताई?" तिनं विचारलं होतं.

गुरुवारी दुपारी चारचा नव्या गायकांचा कार्यक्रम शोभाताई चालवत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मोबाइलवर अंगठा दाबायले काय लागते वं? गावोगाव फिर, गाणं ऐकव. ज्याले खरंच भिडलं, तो उठून पोस्टात जाईल. असे तीन जण आण. मी लावते तुझं गाणं."

दीक्षानं मराठीत एम.ए. केलं होतं आणि तीन वर्षांत सतरा गाणी रचली होती. त्यांतलं सर्वांत जिव्हाळ्याचं गाणं 'ओल'. इंटरनेटवर ते एकेचाळीस जणांनी उघडलं होतं, आणि तिथला आलेख सांगत होता की तिसाव्या सेकंदापुढे एकही माणूस थांबलं नव्हतं. इंदोरा वस्तीतल्या घरी वडिलांनी टेबलावर आणून ठेवलेली बँकेच्या परीक्षेची पुस्तकं ती सोसू शकत होती. ते तीस सेकंद तिला सोसवत नव्हते. शेवटपर्यंत ऐकणारं एक माणूस. तिची मागणी इतकीच होती.

"एवढं काय टेन्शन घेऊन राहिली?" तिच्या गाण्यांना गिटार देणारा सौरव हसला. "सगळेच आपली कार्डं आपणच लिहितात. मी तर माझ्या गाण्याले आठ चाहते पैदा केले. एक कामठीचा रिटायर्ड फौजदार. लय रडला म्हणे बिचारा."

दीक्षानं मात्र हे काम कवितेच्या निष्ठेनं केलं. नरखेड तालुक्यात तिनं निंबोरखेडी नावाचं एक गाव वसवलं. नकाशात ते नाही याची आधी खात्री करून घेतली. एक कार्ड डाव्या हातानं लिहिलं, मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या लहानूचं. दुसरं पेन्सिलीनं, संत्र्याच्या बागेत राखण करणाऱ्या गोविंदाचं. तिसऱ्यावर ती बराच वेळ अडखळली. मग शोभाताईंचं मन विरघळावं म्हणून लिहिलं: 'अंजनाबाईंना सात वर्षांपासून दिसत नाही. रेडिओ हेच त्यांचे डोळे. त्यांच्या सांगण्यावरून शेजारीण भागीरथा लिहिते.' शिक्का अस्सल असावा म्हणून ती एसटीनं नरखेडला गेली आणि बसस्थानकाजवळच्या लाल पेटीत तिन्ही कार्डं टाकून परतली.

पुढच्या आठवड्यात शोभाताईंनी तिला बोलावलं. कार्डांनी भरलेला बिस्किटांचा एक जुना डबा त्यांनी टेबलावर उपडा केला.

"तीन मागितली होती. चौदा आली. जादूगार आहेस का वं तू?"

दीक्षानं आपली तीन ओळखली. उरलेली अकरा तिनं एकेक करून हातात घेतली. अकरा अक्षरं, अकरा वळणं. एकावर हळदीचा अंगठा उमटला होता. एकाला संत्र्याच्या सालीचा ताजा, कडवट वास होता. शिक्के नरखेडचे. प्रत्येकावर पत्ता तोच, निंबोरखेडी. आणि यमुताई नावाच्या कुणा बाईनं खाली दोन ओळी उतरवल्या होत्या:

'दोराला अजून आठवते पाणी,
प्रत्येक गाठीत एक घागर.'

हे 'ओल'चं तिसरं कडवं होतं. ध्वनिमुद्रणाच्या आधीच दीक्षानं ते वहीत खोडलं होतं. ते तिनं कधी गायलं नव्हतं. सौरवलाही दाखवलं नव्हतं.

सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण सांगितलं की गाणं गेलं. तिनं कार्डं डब्यात परत ठेवली.

"गुरुवारी ये," शोभाताई म्हणाल्या. "श्रोत्यांचे फोनही घेऊ."

गुरुवारी चार वाजता, काचेपलीकडून शोभाताईंनी हात वर केला आणि 'ओल' सुरू झालं. दीक्षाची नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर होती. तीस सेकंद. मिनिट. चार मिनिटं दहा सेकंद. शेवटचा स्वर विरला, तसा फोनचा दिवा लागला.

"हॅलो," ती म्हणाली.

आधी काहीच आलं नाही. पण ती रिकामी शांतता नव्हती. कुठंतरी एक बांगडी सरकली. कुणी खोकला दाबला. एका लहान मुलाला कुणी हलकेच गप्प केलं. शेकडो माणसं एकाच वेळी श्वास राखून बसली आहेत, हे तिला कळलं, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढं ऐकणं तिनं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. देवळाच्या गाभाऱ्यात नाही, विहाराच्या वंदनेत नाही. डोळ्यांत पाणी आलं ते भीतीचं नव्हतं.

"पोरी, सारं गाव बसून राहिलं इथं," एक म्हातारा आवाज म्हणाला. "शेवटपर्यंत ऐकलं. कोणी उठलं नाही."

"कोण बोलता, आजी?"

"अंजना."

काचेपलीकडे शोभाताईंनी कौतुकानं मान डोलावली.

"मले दिसत नाही, बाई. सात वर्षं झाली म्हणते भागीरथा. मले तर या महिन्यापलीकडचं काहीच आठवत नाही."

दीक्षा माइकजवळ झुकली.

"रागावली नाही मी तुह्यावर. तुले गरज होती, तू लिहिलं. एक सांगू? पुढच्या कार्डात माहे डोळे लिहून देशील?"

फोन कटला.

"गोड म्हातारी," शोभाताई नंतर म्हणाल्या. "पण काय बोलून राहिली होती, काही समजलंच नाही."

त्याच संध्याकाळी दीक्षानं एक कार्ड लिहिलं. या वेळी उजव्या हातानं, स्वतःच्या अक्षरात. 'अंजनाबाईंना आता दिसतं.' बाकी काही नाही. दुसऱ्या सकाळी एसटीनं जाऊन तिनं ते त्याच पेटीत टाकलं. पेटी रिकामी असावी. पण कार्ड आत पडल्याचा आवाज आला नाही.

पुढच्या गुरुवारी शोभाताईंनी तिला नवं गाणं घेऊन बोलावलं. वाटेत, सदरच्या रस्त्यावर, तिनं सहज एक मोरपंखी ओढणी घेतली आणि दुकानातच खांद्यावर टाकली.

केंद्रात डब्यामध्ये एकच कार्ड होतं. शिक्का नरखेडचा, सोमवारचा. अक्षर मोठं, वाकडंतिकडं, पहिल्यांदाच लिहायला बसलेल्या हाताचं.

'पोरी, आता दिसून राहिलं. सारंच दिसते. मोरपंखी रंग शोभतो तुले.'